भीमेच्या दोन तीरांमधील आंतरजाल दूरध्वनी : कायदा, फायरवॉल आणि मूक संभाषण (१९९५–२०१८)

पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड हे तालुके भीमा नदीने एकमेकांपासून विभागलेले आहेत. घोडनदीकाठचे शिरूर हे पुणे–अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) मार्गावरील बाजारपेठेचे गाव; दौंड हे मुंबई–सोलापूर लोहमार्गावरील जंक्शन. दूरध्वनीच्या नकाशावर मात्र ही दोन निराळी क्षेत्रे होती. शिरूरचा संकेतांक ०२१३८, दौंडचा ०२११७.  १ एप्रिल २००२ रोजी केंद्र शासनाने इंटरनेट सेवा पुरवठादारांना आंतरजाल दूरध्वनीची परवानगी दिली, तेव्हा एक विलक्षण स्थिती निर्माण झाली. शिरूरमधील संगणकावरून न्यूयॉर्कमधील साधा दूरध्वनी कायदेशीरपणे वाजविता येत होता, दौंडमधील मात्र नाही. भारतांतर्गत संगणकावरून संगणकाशी बोलण्यास मुभा होती. संगणकावरून देशातील दूरध्वनीशी बोलण्यास नव्हती.

या विसंगतीचे मूळ महसुलाच्या रचनेत होते. परदेशी संभाषणाचा व्यवहार दीर्घकाळ ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिसकडे व १ एप्रिल १९८६ पासून विदेश संचार निगमाकडे होता. या व्यवहाराचे एक प्रमुख केंद्र, नारायणगावजवळील आर्वीचे ‘विक्रम’ उपग्रह भूकेंद्र, पुणे जिल्ह्यातच होते, हे येथे नमूद करण्यासारखे आहे. याच निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली. अर्थात, ज्या संस्थेचे उत्पन्न परदेशी कॉलवर अवलंबून होते, तिच्याच हाती त्या कॉलला पर्याय ठरू शकणारे साधन आले. १९९८ च्या धोरणाने खाजगी पुरवठादारांना प्रवेश दिला, तथापि आंतरजाल दूरध्वनीस मनाई कायम ठेवली. निगमाची परदेशी संभाषणातील मक्तेदारी ३१ मार्च २००२ रोजी संपली आणि दुसऱ्याच दिवशी मनाई शिथिल झाली. हा निव्वळ योगायोग मानता येणार नाही.

परवानगी मिळाल्याने संभाषण सुरू झाले, असे मात्र घडले नाही. कायद्याची भिंत खाली आली तेव्हा तिच्यामागे दुसरी भिंत उभी असल्याचे दिसून आले. तालुक्याच्या ठिकाणची महाविद्यालये किंवा रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींमधील कार्यालये यांसारख्या आस्थापनांत इंटरनेटची जोडणी साधारणतः एक आणि संगणक अनेक, अशी त्या काळची सर्वसामान्य रचना असे. मधे फायरवॉल व प्रॉक्सी सर्व्हर. आतील संगणकांना ‘१९२.१६८’ने आरंभ होणारे पत्ते दिले जात. १९९६ च्या संकेतानुसार हे पत्ते खाजगी वापरासाठी राखीव असून सार्वजनिक आंतरजालावर त्यांना अस्तित्व नाही. वेब पाहण्यास त्याने काही बिघडत नाही, कारण मागणी आतून बाहेर जाते आणि उत्तर त्याच वाटेने परत येते. दूरध्वनीचे तसे नाही. एच.३२३ (१९९६) व सिप (१९९९) या पद्धतींत कॉल करणारा संगणक आपला आवाज स्वीकारण्याचा पत्ता संदेशाच्या पोटात लिहितो. तो पत्ता खाजगी असल्यास पलीकडच्याने आवाज पाठवायचा कोठे? पाकिटावर गावाचे नाव न लिहिता ‘मागची खोली’ एवढेच लिहावे, तसा हा प्रकार होय.

बिघाडाचे निदान त्याच्या लक्षणांवरून करता येते. फोनची नोंदणीच होत नसेल, तर ५०६० हे द्वार फायरवॉलने बंद केलेले असते किंवा बाहेर जाण्याचा मार्ग केवळ प्रॉक्सीतून असतो. वेबपुरत्या प्रॉक्सीला आवाजाचे यूडीपी संदेश कळत नाहीत. घंटा वाजते पण आवाज एकाच बाजूने येतो, तेव्हा संकेत पोहोचतात आणि ध्वनी अडतो, असे समजावे. कॉल साधारण ३२ सेकंदांनी आपोआप तुटतो, तेव्हा बहुधा कॉल स्वीकारल्याची शेवटची पोच परत पोहोचलेली नसते. ही मुदत सिपच्या नियमांतच अंतर्भूत आहे. कित्येक राउटरमध्ये हे पत्ते दुरुस्त करण्याची अंगभूत सोय असे, आणि अनेकदा तीच बिघाड करी. ती बंद करणे हा म्हणूनच पहिला उपाय मानला जाई. ‘लाईन कमी पडते’ हे सर्वत्र ऐकू येणारे स्पष्टीकरण पुरेसे नव्हते. जी.७२९ पद्धतीत आवाजाला सेकंदाला ८ किलोबिट लागतात. वेष्टनासह हा भार सुमारे २४ किलोबिट होतो. तेवढा भार डायल-अप जोडणीलाही कसाबसा पेलण्याजोगा होता.

उपाय टप्प्याटप्प्याने आले. २००३ मधील स्टन पद्धतीने आतील संगणकाला आपला बाहेरचा पत्ता विचारून घेता येऊ लागला, परंतु प्रत्येक संभाषणाला नवे द्वार देणाऱ्या फायरवॉलपुढे ती निष्प्रभ ठरे. तेथे मध्यस्थ सर्व्हरमार्फत आवाज फिरवावा लागे. टर्न या नावाने ही रीत २०१० मध्ये प्रमाणित झाली. २००३ मध्येच आलेल्या स्काईपने (ही सेवा मे २०२५ मध्ये बंद झाली) निराळा मार्ग धरला. इतर वाटा बंद असल्यास तो वेबसाठी उघड्या असलेल्या ८० व ४४३ या द्वारांतून जात असे. वापरणाऱ्याला ही सोय वाटली. जाळ्याची जबाबदारी असणाऱ्याला मात्र आपल्या नियमांना बगल दिली गेल्याचे दिसले. त्याची अडचणही खोटी नव्हती. आवाजासाठी यूडीपीची हजारो द्वारे उघडावीत, तर फायरवॉल ठेवण्यात अर्थ उरत नाही.

तात्पर्य, तालुक्यात ‘इंटरनेट’ म्हणून जे पोहोचले, ते अनेक संस्थांत प्रत्यक्षात केवळ वेब होते. हा फरक पानांवरून कळत नव्हता, आवाजाने तो उघड केला.

देशातील दूरध्वनीशी इंटरनेटवरून बोलण्याचा मार्ग निर्वेध करावा, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००८ मध्ये व पुन्हा २०१७ मध्ये केली. जून २०१८ मध्ये शासनाने तसा खुलासा केला आणि जुलैमध्ये भारत संचार निगमाने ‘विंग्ज’ ही सेवा जाहीर केली. शिरूरच्या संगणकावरून दौंडचा दूरध्वनी वाजविण्यास आता आडकाठी राहिली नव्हती. परंतु सप्टेंबर २०१६ पासून जिओच्या फोर-जी जाळ्यावर देशांतर्गत संभाषणाला वेगळे शुल्क नव्हते. तो आवाजही डेटाच्या पाकिटांतूनच जात होता. फक्त त्याच्या मार्गात महाविद्यालयाचा प्रॉक्सी सर्व्हर येत नव्हता.