शिक्षा भोगून आलेला खेळाडू: पगार वेगळा, जर्सी वेगळी

डिलाईल रोडवर खेळ आणि नोकरी या गोष्टी एकमेकींपासून फार लांब कधी नव्हत्या. रस्त्याचं अधिकृत नाव कामगार नेते ना. म. जोशी यांचं, आणि कबड्डी रंगते ती श्रमिक जिमखान्यावर. मुंबईतल्या मोठ्या कबड्डी स्पर्धांत पुरुषांचे दोन गट दिसतात. स्थानिक गटात गल्लीबोळातली मंडळं उतरतात, तर व्यावसायिक गटात महिंद्रा, बेस्ट, रेल्वे, पोलीस असे नोकरी देणारे संघ. मंडळाच्या जर्सीत चमकायचं आणि खेळाच्या जोरावर कायमची नोकरी मिळवायची, हे चाळीतल्या कितीतरी पोरांचं स्वप्न. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या. बापाच्या जागी गिरणीत लागायची सोय संपली. त्याच वर्षांत गिरणगावातली काही पोरं टोळ्यांकडे ओढली गेली.

त्यामुळे गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्या खेळाडूला क्लबने परत घ्यावं का, हा प्रश्न आपल्याकडे विचारला, की त्याचे लगेच दोन प्रश्न होतात. त्याला पगार द्यावा का? आणि त्याला जर्सी द्यावी का?

पगाराबद्दल कायदा बरंच काही सांगतो. बँकिंग नियमन कायदा, १९४९ च्या कलम १० नुसार नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाला बँकेला नोकरीवर ठेवता येत नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३११ नुसार फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला वेगळी विभागीय चौकशी न करताही कामावरून काढता येतं. म्हणजे खेळाडू कोट्यातून मिळालेली नोकरी अशा निकालानंतर टिकणं अवघड. जर्सीचा निर्णय मात्र क्लब, मंडळ किंवा संघटना घेते. तो कसा घेतला जातो, हे पाहायला क्रिकेटच्या इतिहासातली दोन प्रकरणं पुरेशी आहेत.

पहिलं मुंबईचंच. १५ मे २०१३ ला वानखेडेवर मुंबई इंडियन्स आणि राजस्थान रॉयल्सचा सामना झाला. त्या रात्रीनंतर दिल्ली पोलिसांनी स्पॉट फिक्सिंगच्या आरोपाखाली राजस्थानच्या तीन खेळाडूंना अटक केली: श्रीशांत, अजित चंडिला आणि मुंबईकडून रणजी खेळणारा डावखुरा फिरकीपटू अंकित चव्हाण. सप्टेंबरमध्ये बीसीसीआयने चव्हाण आणि श्रीशांत यांच्यावर आजन्म बंदी घातली. जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने तिघांनाही आरोपमुक्त केलं, तरी बंदी उठली नाही. शिस्तभंगाची कारवाई वेगळी, फौजदारी खटला वेगळा, अशी मंडळाची भूमिका होती. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने श्रीशांतच्या शिक्षेचा फेरविचार करायला सांगितलं आणि त्याची बंदी सात वर्षांवर आली. चव्हाणची बंदीही सात वर्षांची झाली, पण ते २०२१ मध्ये. तोवर तो पस्तिशीत पोहोचला होता.

दुसरं प्रकरण नवज्योतसिंग सिद्धूचं. डिसेंबर १९८८ मध्ये पतियाळात गाडीवरून वाद झाला, मारहाण झाली, आणि गुरनाम सिंग नावाचे ६५ वर्षांचे गृहस्थ दगावले. १९९९ मध्ये सत्र न्यायालयाने सिद्धूला निर्दोष सोडलं. मधल्या काळात तो भारताकडून खेळत होता, १९९६ चा विश्वचषकही खेळला. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला दोषी ठरवून तीन वर्षांची शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती एक हजार रुपयांच्या दंडावर आणली आणि कुटुंबाच्या फेरविचार याचिकेवर २०२२ मध्ये एक वर्षाची कैद सुनावली. घटनेला तेव्हा ३३ वर्षं होऊन गेली होती.

गुन्हा सिद्ध होण्याआधी सिद्धूला खेळू दिलं यात बेकायदेशीर काही नव्हतं. पण दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवा. खेळाच्या नावाला धक्का लागल्याचा संशय आला तेव्हा मंडळाने न्यायालयाची वाट पाहिली नाही. एका माणसाचा जीव गेला तेव्हा तो विषय न्यायालयाचा ठरला. आपल्या क्रीडासंस्थांना खेळाची इभ्रत मोजता येते. मैदानाबाहेर ज्याचं नुकसान झालं, त्याच्यासाठी त्यांच्या वहीत रकानाच नाही.

हा रकाना का हवा, ते इंग्लंडमध्ये दिसलं. फुटबॉलपटू चेड इव्हान्सला एप्रिल २०१२ मध्ये बलात्काराच्या गुन्ह्यात पाच वर्षांची शिक्षा झाली. तो २०१४ मध्ये सुटला तेव्हा शेफिल्ड युनायटेडने त्याला सरावाला येऊ द्यायचं ठरवलं. ऑलिंपिक विजेती जेसिका एनिस-हिल म्हणाली, त्याला करार दिलात तर स्टँडवरचं माझं नाव काढा. क्लबने माघार घेतली. पुढे २०१६ मध्ये त्याची शिक्षा रद्द झाली आणि फेरखटल्यात तो निर्दोष सुटला. म्हणजे निकालही बदलतो. क्लबने घाईने कायमचं दार लावू नये. पण त्याआधीच, २०१२ मध्ये, तक्रारदार तरुणीचं नाव सोशल मीडियावर फोडल्याबद्दल नऊ जणांना तिला भरपाई द्यावी लागली होती. खेळाडूवरच्या प्रेमाची किंमत चाहत्यांनी तिच्याकडून वसूल केली.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे माणूस कंपनीत असणं आणि त्याला प्रत्येक सिस्टिमचा ॲक्सेस असणं, या दोन वेगळ्या गोष्टी असतात. इथेही तसंच करता येईल. शिक्षा भोगून आलेल्या माणसाला कायद्यात बसेल ते काम द्यावं. हाताला काम नसलेली पोरं कुठे जातात हे गिरणगावाला नव्याने सांगायला नको. जर्सी मात्र आपोआप देऊ नये. जर्सीबरोबर नाक्यावरचा बॅनर येतो, हार-तुरे येतात, लहान पोरांचा ‘दादा’ होणं येतं. आणि ज्या घराचं नुकसान झालं ते घर कदाचित त्याच चाळीत, दोन मजले वर असतं. म्हणून आधी त्या घराला विचारावं, मग मुदत ठरवावी. लहान मुलांचा सराव त्याच्या हाती द्यायचा का, हे वेगळं ठरवावं. मुलांवरच्या किंवा लैंगिक गुन्ह्यात माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे.

फिक्सिंगसाठी सात वर्षं असा हिशेब क्रिकेटने केला, तोही न्यायालयाने टोकल्यावर. बाकी गुन्ह्यांचा हिशेब मंडळांनी आत्ताच, कुणाचंही नाव समोर नसताना, घटनेत लिहून ठेवावा. नाव समोर आलं, की तो कुणाचा तरी भाऊ असतो आणि रविवारी फायनल असते.