रुग्णशय्येच्या दोन बाजू

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी जॉर्ज टाउनच्या पूर्वेतिहासावर काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळींनी केली, तेव्हा प्रथम डोळ्यांपुढे आले ते मिंट स्ट्रीटच्या परिसरात सोन्याचांदीची गलाई करणारे आपले बांधव. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी मुलखातून निघून दूरच्या गावी भट्टी पेटविणाऱ्या या मंडळींची कहाणी स्वतंत्र लेखाचा विषय आहे. आज मात्र आम्ही वाचकांना निराळ्याच दाराशी नेऊ इच्छितो. ते दार रुग्णालयाचे होय.

परमुलखात आलेल्या कुटुंबाची बाजारात ओळख होते, शाळेत होते. परंतु गावाशी खरे नाते जुळते ते बहुधा रुग्णालयात. भाषा येत नाही, जवळ आई नाही की सासू नाही, आणि घरातील लेकीसुनेचे दिवस भरलेले आहेत, अशा वेळी रात्री उशाशी कोण उभे होते, हे कोणतेही कुटुंब विसरत नाही. बहुतेक वेळा ती एक परिचारिका असते. तिचे नाव आपणांस ठाऊक नसते. तिला आपण ‘सिस्टर’ म्हणून हाक मारतो, आणि घरी जाताना पेढे घेऊन जातो ते डॉक्टरांच्या खोलीत. ही रीत कोठून आली, याचा मागोवा घेऊ लागले की आपल्याच शेजारच्या इमारतींचा इतिहास उलगडू लागतो.

जॉर्ज टाउनला दोन बाजूंनी दोन मोठ्या सरकारी रुग्णालयांचा शेजार लाभला आहे. उत्तरेकडे ओल्ड जेल रस्त्यावर स्टॅन्ले. १७८२ च्या सुमारास दुष्काळपीडितांना कांजी वाटण्यासाठी निघालेल्या मोनेगार धर्मशाळेत त्याचे मूळ आहे, म्हणूनच जुनी माणसे त्याला ‘कांजी तोट्टी आस्पत्री’ म्हणत. दुसरे सेंट्रल स्टेशनसमोरचे जनरल हॉस्पिटल, सर्वांच्या तोंडी असलेले ‘जी. एच.’ १६६४ साली सेंट जॉर्ज किल्ल्यात कंपनीच्या आजारी सैनिकांसाठी ते सुरू झाले आणि १७७२ मध्ये आजच्या जागी आले. २०११ पासून त्याला राजीव गांधी यांचे नाव आहे.

या रुग्णालयाच्या इतिहासातील तीन सने शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. रुग्णालय निघाले १६६४ साली. डॉक्टरांना शिक्षण देणारी शाळा, जी पुढे मद्रास मेडिकल कॉलेज झाली, ती निघाली १८३५ साली. परिचारिकांना शिक्षण देण्याचा उपक्रम सुरू झाला तो १८७१ साली. म्हणजे रोग्यांची शुश्रूषा शिकून करावयाची गोष्ट आहे, हे मान्य व्हावयास रुग्णालयाच्या स्थापनेनंतर दोनशे सात वर्षे लागली. तोपर्यंत रोग्याजवळ राहणे हे नोकराचे काम समजले जाई. शिकलेला हुकूम देणार आणि न शिकलेला तो पाळणार, ही रुग्णालयाची घडी लष्करी छावणीतून आलेली होती. डॉक्टर आणि परिचारिका यांच्यातील चढाओढीचे बीज येथेच पडले.

ही चढाओढ केवळ आपल्याकडची नव्हे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा काढली. परिचारिकांवर शिकलेल्या मेट्रनचाच अधिकार चालावा, असा त्यांचा आग्रह होता. डॉक्टरांना हे सहजासहजी रुचणारे नव्हते. १८८० च्या सुमारास लंडनच्याच गाइज रुग्णालयात नव्या मेट्रनने परिचारिकांच्या पाळ्या बदलल्या, तेव्हा ज्येष्ठ डॉक्टरांनी मोठे वादळ उठविले आणि त्यांतील काहींनी पदे सोडली. औषध कोणते द्यावे हे डॉक्टरने सांगावे, याविषयी वाद नव्हताच. वाद होता तो एवढाच की, रोग्याजवळच्या कामाचे स्वतःचे असे शास्त्र आहे काय, आणि असल्यास त्याचा कारभार कोणी पाहावा.

मद्रासेत या प्रश्नाला एका बाईने वेगळेच वळण दिले. मेरी शार्लीब या येथे वकिली करणाऱ्या एका इंग्रज गृहस्थांच्या पत्नी. पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरला जवळ येऊ देत नाहीत आणि बाळंतपणात हकनाक जिवास मुकतात, हे ऐकून त्यांचे मन कळवळले. त्यांनी प्रथम प्रसूतिरुग्णालयात सुईणीचे शिक्षण घेतले. परंतु लवकरच त्यांच्या ध्यानात आले की, अडलेल्या बाईच्या खाटेशी सुईण उभी असली, तरी नेमक्या कठीण क्षणी लागणारे ज्ञान तिला दिलेलेच नसते. तेव्हा त्यांनी डॉक्टर होण्याचा निश्चय केला. सर्जन जनरल एडवर्ड बाल्फोर यांच्यासारख्या अधिकाऱ्यांचा स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणास पाठिंबा होता, आणि १८७५ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजने शार्लीबबाईंसह चार स्त्रियांना प्रवेश दिला. स्त्रियांना शिकविण्यास नाखूश असणारे अध्यापकही होतेच; तरी १८७८ साली त्या उत्तीर्ण झाल्या. पुढे लंडनची पदवी घेऊन त्या परत आल्या आणि १८८५ साली उच्चवर्णीय व पडद्यातील स्त्रियांसाठी निघालेल्या रुग्णालयाच्या उभारणीत त्यांनी पुढाकार घेतला. तेच आज ट्रिप्लिकेनमध्ये कस्तुरबा गांधी रुग्णालय म्हणून ओळखले जाते.

शार्लीबबाई उत्तीर्ण झाल्या त्याच वर्षी या महाविद्यालयात एक मराठी मुलगी दाखल झाली, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. कृपाबाई खिस्ती या अहमदनगरच्या. जन्म १८६२ चा. प्रकृतीमुळे विलायतेस जाणे झाले नाही म्हणून त्या मद्रासेस आल्या. पहिल्या वर्षी त्यांनी उत्तम यश मिळविले, पण प्रकृतीनेच पुन्हा घात केला आणि शिक्षण सुटले. कृपाबाई सत्तियनादन या नावाने त्यांनी पुढे इंग्रजीत कादंबऱ्या लिहिल्या आणि १८९४ साली, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. या शहरात ज्ञानासाठी आलेल्या मराठी स्त्रियांची वंशावळ लिहावयाची झाल्यास तिचा आरंभ कृपाबाईंपासून करावा लागेल.

येथे एक कटू गोष्ट नोंदविणे आम्हांस आवश्यक वाटते. शार्लीबबाईंनी रुग्णशय्येची एक बाजू सोडून दुसरी गाठली आणि स्त्रियांना डॉक्टरीचे दार खुले झाले. परंतु जी बाजू त्यांनी सोडली, तेथील सुईण आणि परिचारिका होत्या तेथेच राहिल्या. उलट हुशार मुलीने डॉक्टर व्हावे आणि जिला ते जमत नाही तिने नर्स व्हावे, अशी एक समजूत पुढे आपल्या घराघरांतून रुजली. तिच्या जोडीला विटाळाच्या कल्पना होत्या आणि रात्रपाळी करणाऱ्या बाईविषयीची कुजबुजही होती.

महाराष्ट्रात या समजुतीला छेद देणारी उदाहरणे घडली होती. १८९७ च्या प्लेगात पुण्याजवळ डॉ. यशवंतराव फुले रोग्यांवर उपचार करीत होते आणि त्यांची आई सावित्रीबाई रोग्यांची सेवा करीत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या आणि त्याच रोगाने १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला. मुलगा डॉक्टर आणि आई परिचारिका. त्या दवाखान्यात श्रेष्ठ कोण, हा प्रश्न कोणाच्या मनात तरी आला असेल काय? पुढे १९०९ साली रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकाराने पुणे सेवासदन उभे राहिले आणि त्या संस्थेने घरंदाज कुटुंबांतील स्त्रियांना, विशेषतः विधवांना, परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात धाडले. त्या काळी केवढ्या धैर्याचे हे पाऊल होते, याची कल्पना आज येणे कठीण आहे.

इकडे परिचारिकाही संघटित होऊ लागल्या होत्या. १९०८ मध्ये त्यांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. १९२६ मध्ये मद्रास प्रांताने परिचारिका व सुईणींच्या नोंदणीचा कायदा केला, आणि शिकलेली परिचारिका कोणती हे ठरविण्यास कायद्याचा आधार मिळाला. तरीही एकूण चित्र फारसे पालटले नाही. १९४६ साली भोर समितीने आपला अहवाल दिला, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ४७,५०० डॉक्टर होते आणि परिचारिका अवघ्या ७,००० च्या आसपास. ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० लोकांमागे एक परिचारिका! त्याच वेळी इंग्लंडात एक डॉक्टर १,००० लोकांमागे, तर एक परिचारिका ३०० लोकांमागे होती. आपल्याकडे प्रमाणच उलटे होते. सात डॉक्टरांचे हुकूम झेलावयास एक परिचारिका असेल, तर तिने स्वतःचा विचार करावा केव्हा आणि बोलावे कोणापाशी?

वाट दाखविली ती याच प्रांतातील एका गावाने. वेल्लोरला डॉ. आयडा स्कडर यांच्या रुग्णालयात परिचारिकांची शाळा निघाली १९०९ मध्ये, आणि स्त्री-डॉक्टरांची निघाली १९१८ मध्ये. जी. एच. मधील क्रम येथे नेमका उलटला होता. १९४६ मध्ये दिल्लीबरोबर वेल्लोर येथेही परिचर्येचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. शार्लीबबाईंना ज्या ज्ञानासाठी बाजू बदलावी लागली होती, त्याचा बराचसा भाग आता आपल्या बाजूस राहूनच मिळविता येऊ लागला.

आमच्या मते या साऱ्या इतिहासाचे सार हेच आहे. डॉक्टर घटकाभर येतो आणि रोगाचे निदान करतो. परिचारिका आठ तास तेथे असते आणि रोग्यात क्षणोक्षणी होणारा पालट तिला दिसतो. श्वास जड झाला, लघवी कमी झाली, रोगी उगाच घाबरा झाला, हे प्रथम तिच्या ध्यानात येते. तिने ते निर्भयपणे सांगावे आणि डॉक्टरने मान देऊन ऐकावे, यावर रोग्याचा जीव अवलंबून असतो. आमच्यापैकी एकाच्या घरी असा प्रसंग घडला आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या रात्री सर्व ठीक असल्याचे सांगून तरुण डॉक्टर निघून गेले होते. वयस्क सिस्टरचे समाधान झाले नाही. तिने त्यांना दोनदा बोलाविले, बोलणी खाल्ली, आणि तिसऱ्यांदा थेट वरिष्ठांना उठविले. आतल्या आत रक्तस्राव होत होता. रोगी वाचला. सकाळी त्या तरुण डॉक्टरांनी वॉर्डात सर्वांसमक्ष तिला नमस्कार केला. त्या नमस्काराने दोघेही मोठे झाले, असे आम्ही मानतो.

२०२३ साली परिचर्या व प्रसूतिसेवा यांसाठी नवा राष्ट्रीय आयोग नेमण्याचा कायदा झाला. कायदे होतच राहतील. परंतु मान ही गोष्ट समाजाने द्यावयाची असते, आणि येथे आम्हांस आपल्या मंडळाकडेच वळावे लागते. या पन्नास वर्षांत आपण गणेशोत्सवात व संक्रांतीच्या मेळाव्यांत कितीतरी नामवंत डॉक्टरांना शाल-श्रीफळ अर्पण केले. ते उचितच होते. परंतु जुनी कार्यक्रमपत्रिका चाळताना एकाही परिचारिकेचे नाव आम्हांस आढळले नाही. आपल्याच काही घरांतील लेकीसुना या व्यवसायात आहेत. आपल्या मुलांना या परक्या गावात प्रथम हाती घेणारे हातही बहुधा त्यांच्याच भगिनींचे होते.

सुवर्णमहोत्सवाच्या समारंभात व्यासपीठावर एक खुर्ची अधिक मांडावी आणि ती डॉक्टरांच्या खुर्चीशेजारीच असावी, एवढीच मंडळाच्या कार्यकारिणीस आमची नम्र विनंती आहे.