एका डच चित्रातील नागमोडी शस्त्र

जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरी श्टेडेल संग्रहालयात १९०५ सालापासून रेम्ब्राँट या डच चित्रकाराचे एक भव्य आणि तितकेच भयंकर चित्र आहे. ते १६३६ सालचे असून त्याचा विषय शमशोनाच्या नेत्रोत्पाटनाचा. जुन्या करारातील ‘शास्ते’ या ग्रंथातील ही कथा पुष्कळांस ठाऊक असेल. ज्याचे सारे बळ केसांत, त्या शमशोनाला दलीला मांडीवर निजवून त्याचे केस कापविते, आणि मग पलिष्टी लोक त्याला धरून त्याचे डोळे फोडतात. चित्रात कात्री व कापलेले केस हाती घेऊन दलीला तंबूच्या दाराशी, प्रकाशाकडे पळत आहे, पण तिची दृष्टी मागे वळलेली आहे. खाली उताण्या पडलेल्या शमशोनाच्या डोळ्यात एक शिपाई शस्त्र खुपसत आहे, आणि शमशोनाच्या पायाची बोटे वेदनेने आखडली आहेत.

ते शस्त्र कोणते? कबूल करावयास हवे की, कित्येक वर्षे मी विद्यार्थ्यांना तो ‘तुर्की खंजीर’ म्हणून सांगत असे. माझ्याजवळची प्रतिकृती जुन्या पुस्तकातली, बिनरंगी व तळहाताएवढी. शिवाय पूर्वेकडचे वाकडे हत्यार दिसले की त्याला तुर्की म्हणून मोकळे व्हावयाचे, ही खोड आम्हा इंग्रजी ग्रंथांवर पोसलेल्या मंडळींना जडलेलीच. पुढे मोठी रंगीत प्रत पाहावयास मिळाली तेव्हा चूक ध्यानात आली. खंजिराला बहुधा एकच बाक असतो, आपल्या बिचव्याला दुहेरी. या पात्याला मात्र लहरींसारखी एकामागून एक वळणे आहेत. ज्वालेच्या आकाराची पाती युरोपातही घडत, परंतु त्यांतील प्रसिद्ध तलवारी दोन्ही हातांनी पेलावयाच्या आणि खूप लांब. आखूड, नागमोडी आणि भोसकण्याचे असे शस्त्र म्हणजे जावा बेटातील क्रिस होय. चित्राचे अभ्यासकही ते क्रिसच मानतात.

‘नागमोडी’ हा आपला शब्द येथे विलक्षण चपखल बसतो. जावी लोकांच्या समजुतीप्रमाणे सरळ पात्याची क्रिस म्हणजे स्वस्थ नाग, आणि वळणांची क्रिस म्हणजे चालता नाग. वळणांची संख्या नेहमी विषम असते. निकेलयुक्त लोखंडाचे थर साध्या लोखंडात घडवून पात्यावर जी नक्षी उमटवितात तिला ‘पामोर’ म्हणतात. लावू पर्वतावरील सुकुहच्या पंधराव्या शतकातील देवालयात एक शिल्प आहे: भीम लोहाराच्या वेषात शस्त्र घडवीत आहे, अर्जुन भाता चालवीत आहे आणि मध्ये गणपती नाचत आहे! वराच्या कमरेला मागल्या बाजूस क्रिस खोवतात. घराण्यातील जुन्या क्रिसांना सुरो महिन्यात स्नान घालतात. आपल्या खंडेनवमीची आठवण व्हावी असाच हा विधी.

मग हे शस्त्र डच चित्रात कसे शिरले? डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ साली स्थापन झाली, १६१९ साली तिने जकार्ता जिंकून तेथे बटाव्हिया वसविले, आणि अ‍ॅम्स्टरडॅमच्या बंदरात पूर्वेकडील नाना जिन्नस उतरू लागले. रेम्ब्राँटला संग्रहाचे भारी वेड. १६५६ साली त्याचे दिवाळे निघाले, तेव्हा झालेल्या त्याच्या चीजवस्तूंच्या यादीत ‘हिंदी’ शस्त्रे, बाण, धनुष्ये आहेत. त्या काळी हा शब्द हिंदुस्थानापासून मलाया बेटांपर्यंत सर्व प्रदेशाला लावीत.

प्राचीन पॅलेस्टाइनमध्ये जावी शस्त्र कोठून आले, असे म्हणून कोणी हसेल. मला तो आक्षेप उथळ वाटतो. क्रिस भोसकण्यासाठीच घडविलेली, तेव्हा या कृत्याला तिची योजना अचूकच आहे. खटकते ते निराळेच. जी वस्तू आपल्या घरी पूजेची, ती या चित्रात क्रौर्याची खूण होऊन बसली; डच प्रेक्षकाला गाझा काय आणि जावा काय, सारी पूर्व एकच. आणि गंमत अशी की, त्याच पलिष्टी शिपायांची चिलखते व शिरस्त्राणे मात्र सरळसरळ युरोपीय घडणीची आहेत.