मोसे खोऱ्याचे पाणी

लवासाचे नाव घेतले की तळ्याकाठच्या रंगीत इमारती आठवतात. ज्या मोसे नदीच्या खोऱ्यात हे शहर उभे राहिले, ती मात्र क्वचितच कुणाला आठवते. मोसेचे पाणी वरसगाव धरणात साठते आणि खडकवासल्यामार्गे पुण्याला पोहोचते. पुण्याच्या मशिदीत वजूसाठी नळ उघडणाऱ्याच्या हातावर याच डोंगरांचा पाऊस पडतो.

मुळशी तालुक्यात पाण्याची वाट माणसाने बदलली, ती आजच नव्हे. नीला-मुळेच्या संगमावर टाटांचे धरण झाले आणि पूर्वेकडे वाहणारे पाणी विजेसाठी सह्याद्रीपलीकडे, कोकणात भिऱ्याला उतरवले गेले. त्याविरुद्ध 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. वीज मुंबईला गेली, जमिनी मावळ्यांच्या गेल्या.

लवासाचा प्रश्न याच मालिकेतला आहे. रान असलेला डोंगर पाऊस मुरवतो आणि पुढे झऱ्यांवाटे हळूहळू परत देतो. मलिक अंबरने खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, भुयारी नहर आणली, ती अशाच मुरलेल्या पाण्याच्या भरवशावर. डोंगर कापून रस्ते आणि छपरे केली की तोच पाऊस माती घेऊन धावत सुटतो. पावसाळ्यात लोंढा वाढतो, उन्हाळ्यात झरा आटतो, धरणात गाळ साचतो. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोव्हेंबर 2010 मध्ये येथील काम थांबवले, वर्षभराने अटींवर परवानगी दिली. 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कापलेले डोंगर मात्र पूर्ववत झाले नाहीत.

आता पाऊसही पूर्वीचा राहिलेला नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी 2017 साली दाखवून दिले, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतातील विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. 25 जुलै 2024 रोजी लवासात बंगल्यांवर दरड कोसळली. त्याच दिवशी खडकवासल्यातून सोडलेले पाणी पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या घरांत शिरले. त्या पुराचा दोष एकट्या लवासाला देणे न्यायाचे होणार नाही. पुण्यातही नदीपात्र आपणच आवळले आहे.

वाहत्या नदीवर वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपल्याला लहानपणीच मिळते. ती ओंजळीपुरती नाही, असे आम्हाला वाटते. संपूर्ण खोरे हीच एक अमानत आहे. 1921 मध्ये मावळ्यांना कुणी विचारले नव्हते. डोंगराला हात लावण्याआधी वरच्या गावाला आणि खालच्या वस्तीला विचारले जाते का, हा प्रश्न आजही शिल्लक आहे.