सानुकूल फीड (ब्लूस्काय)

सानुकूल फीड ही ब्लूस्काय या समाजमाध्यमावरील, विशिष्ट निकषांनुसार नोंदी निवडून दाखवणारी सुविधा आहे. ती २०२३ मध्ये सुरू झाली. वाचकाला काय दिसावे हे अन्य समाजमाध्यमांवर बहुधा कंपनीच ठरवते; येथे तो अधिकार त्रयस्थ व्यक्तीलाही मिळतो.

फीडचा चालक जाळ्यावरील सार्वजनिक नोंदींचा अखंड प्रवाह आपल्या सर्व्हरवर घेतो आणि निकषात बसणाऱ्या नोंदींचे केवळ पत्ते साठवतो. या प्रवाहास ‘फायरहोज’, म्हणजे अग्निशामक बंबाची नळी, असे समर्पक नाव आहे. वाचकाने फीड उघडताच ब्लूस्काय चालकाकडून पत्त्यांची क्रमवार यादी मागवते. तिला ‘सांगाडा’ म्हणतात; मजकूर व चित्रे ब्लूस्काय स्वतः भरते आणि वाचकाने प्रतिबंधित केलेली खातीही तेच वगळते.

निकष केवळ शब्दाचा असेल, तर मराठीत अडचण येते. ‘पाऊस’ शोधणाऱ्या फीडमधून ‘पावसात’ असे विभक्तिरूप असलेली नोंद निसटते; म्हणून विभक्तिरूपेही निकषात द्यावी लागतात.

मागणीसोबत वाचकाची ओळखही चालकाकडे जाऊ शकते, ही बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. चालकाने सर्व्हर बंद केल्यास फीडचे नाव उरते, नोंदी मात्र येत नाहीत.