घराचा दाखवण्याचा कार्यक्रम

घर विकायला काढलं की पहिला सल्ला येतो, "आधी रंग काढून घ्या." मग नळ, पडदे, दिवे. मुलगी दाखवायच्या जुन्या कार्यक्रमात आणि यात फारसा फरक नाही. पण मुंबईत घर असं नटवून दाखवायची रीत तशी अलीकडची.

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी साधारण १९४० च्या पातळीवर गोठली. भाड्याने द्यायला नवी घरं बांधणं परवडेना, जागांची टंचाई वाढली आणि पागडी फोफावली. पागडी घेणं बेकायदा, म्हणून सगळा व्यवहार कानात. जागा मिळतेय हेच नशीब, भिंतीचा रंग कोण बघतो? पागडीला कायद्याची मान्यता मिळाली ती थेट १९९९ च्या नव्या कायद्याने.

मधल्या काळात मालकीचे फ्लॅट आले आणि १९६३ मध्ये त्यांच्यासाठी 'मोफा' कायदा झाला. बिल्डरने नकाशे दाखवावेत, कोणतं साहित्य वापरणार ते सांगावं, असं त्यात आहे. म्हणजे कायद्याने कागद दाखवायला सांगितला, आणि बाजाराने काय दाखवला, तर सॅम्पल फ्लॅट! खोली मोठी दिसावी म्हणून पलंग आखूड, दारं काढून ठेवलेली, भिंतभर आरसे. शेवटी २०१६ च्या 'रेरा'त कलम १२ आलं. नमुन्याचं घर पाहून पैसे भरले आणि त्यातली माहिती खोटी निघून नुकसान झालं, तर बिल्डरने भरपाई द्यायची.

राहतं घर सजवून विकण्याला अमेरिकेत 'होम स्टेजिंग' म्हणतात. त्याचं श्रेय सिॲटलकडच्या बार्ब श्वार्ट्झ या बाईंना देतात, साल १९७२. तत्त्व सोपं: मालकाच्या खुणा काढा, म्हणजे बघणाऱ्याला तिथे स्वतःचा संसार दिसतो.

आई-बाबांचं घर दाखवायला काढलं तेव्हा आमच्या एजंटने हे नाव ऐकलेलं नसावं, पण सल्ला तोच दिला. बाबांचा हार घातलेला फोटो काढा, देवघर रिकामं करा. केलं. देव ताईकडे गेले. त्यात गैर काही वाटलं नाही. घर त्यांचं होणार, आमच्या आठवणींचं ओझं त्यांना कशाला?

अडलं ते मागच्या खोलीच्या भिंतीपाशी. दर पावसाळ्यात तिला ओल येते. रंगारी म्हणाला, "पुट्टी मारतो, दोन हात देतो, जूनच्या आत गिऱ्हाईक आणा." दादाला पटलं. सांगितलं तर भाव पडणार, हे त्याचं म्हणणं खरंच होतं.

पण १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे. त्याचं कलम ५५ म्हणतं, विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्याने सांगायलाच हवा. ओल पुट्टीखाली घातली की ती नेमकी त्या कलमात बसते. फोटो काढणं ही सजावट. ही मात्र लपवाछपवी.

भिंत तशीच ठेवली. येईल त्याला आम्ही आधी ती खोली दाखवतो. दोन गिऱ्हाइकं तिथूनच परत गेली, तिसऱ्याने भाव पाडून मागितलाय. बोलणी चालू आहेत. तेव्हा आत्या, काका, आकडा कळला की फोनवर ओरडू नका. ओल धरूनचा आकडा आहे तो!