गृहदेखभाल आणि डीझेल मोटार : एका सीमारेषेचा इतिहास

वापरलेली डीझेल मोटार विकत घ्यावी आणि तिची नेहमीची देखभाल घरच्या अंगणात स्वतःच करावी, हा प्रघात पश्चिम युरोपात व अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बराच रुजला होता. त्याच्या ऱ्हासाचे कारण सामान्यतः एका वाक्यात सांगितले जाते. एंजिन साधे होते तोवर ते मालकाला उमगत होते. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले आणि ते त्याच्या हातून गेले, असे म्हटले जाते. हे विधान सर्वस्वी असत्य नव्हे. परंतु डीझेल एंजिनाच्या बाबतीत ते फार ढोबळ आहे. मालकाने कोठवर हात घालावा आणि कोठे थांबावे, याची एक सीमारेषा या एंजिनात इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या कितीतरी आधीपासून होती. ती पुढे कोठे सरकली, हा विचारात घेण्याजोगा प्रश्न आहे.

रुडॉल्फ डीझेल याला १८९३ मध्ये जर्मन पेटंट मिळाले व १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे त्याचे एंजिन यशस्वी ठरले. हवा इतकी दाबावयाची की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटावे, हे त्याचे तत्त्व. त्यामुळे स्पार्क प्लग, कॉइल, डिस्ट्रिब्यूटर या सगळ्या परिवाराची गरज उरली नाही. परंतु इंधन सिलिंडरात फवारण्यासाठी कॉम्प्रेसरची जोड लागे, आणि तीमुळे एंजिन एवढे अवजड होई की ते कारखान्यात वा जहाजावरच बसवावे. प्रॉस्पर लोरांज याने १९०९ मध्ये पेटंट घेतलेला पूर्वज्वलनकक्ष, आणि बॉश कारखान्यात १९२७ पासून घाऊक प्रमाणात निघू लागलेला इंधनपंप, या दोहोंच्या आधाराने डीझेल रस्त्यावरील वाहनांत स्थिरावले.

सीमारेषा आखली गेली ती या पंपात. त्यातील दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यामधील मोकळीक मिलिमीटरच्या दोन-तीन सहस्रांशांइतकीच असते. ही जोडी एकमेकींशी घासून जुळवलेली असते. एका जोडीचा दट्ट्या दुसरीच्या नळीत चालत नाही. पेट्रोलगाडीचा मालक कार्ब्युरेटर टेबलावर उकलून पुन्हा जोडू शकत असे. डीझेलच्या मालकाला पंपाबाबत ती मुभा नव्हती. ठिणगीच्या कटकटीतून ज्या यंत्राने त्याला सोडविले, त्याच यंत्राने त्याला एका बंद पेटीपुढे उभे केले, असे म्हणावयास हरकत नाही.

१९३६ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मांडलेली मर्सिडीझ-बेन्झ २६० डी ही डीझेलवर चालणाऱ्या पहिल्या प्रवासी मोटारींपैकी एक. तिची शक्ती ४५ अश्वशक्ती होती, आणि १९४० पर्यंत अशा दोन हजारांहूनही कमी गाड्या निघाल्या. युद्धोत्तर काळात, १९४९ पासून, १७० डी आली. ज्यांची गाडी दिवसभर चालते अशा टॅक्सीवाल्यांना डीझेलची मितव्ययिता विशेष मानवली. या गाड्या दीर्घायुषी असल्याने त्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जात, आणि अधिकृत कार्यशाळेचे बिल ज्याला जड वाटे तो हाच मालक होता. गृहदेखभालीचा इतिहास मुख्यतः त्याचा आहे.

ऑक्टोबर १९७३ च्या तेलसंकटाने हा वर्ग विस्तारला. १९७६ मध्ये फोक्सवॅगन गोल्फ डीझेलवर मिळू लागली. त्याच वर्षी मर्सिडीझची १२३ या क्रमांकाने ओळखली जाणारी मालिका बाजारात आली. तिच्यातील २४० डी ही जुनी घेणाऱ्यांची विशेष आवडती. तिच्या मालकाचे काम कोणते असे, हे थोडे तपशिलाने पाहणे अगत्याचे आहे. डीझेलच्या काजळीने ऑईल लवकर काळे पडते आणि इंधनातील गंधकापासून आम्ल तयार होते. म्हणून ऑईल व त्याचा फिल्टर वेळेवर बदलणे हे पहिले काम. डीझेलचा फिल्टर बदलला की नळ्यांत हवा शिरते. पंपाला जोडलेला हातपंप दाबून ती हवा काढावी लागे. टॅपेट जुळविण्यासाठी वाकविलेले पाने व फीलर गेज लागे. थंड एंजिनात आत घेणाऱ्या व्हॉल्व्हची मोकळीक मिलिमीटरचा एक दशांश ठेवावयाची. हे काम चिकाटीचे होते, परंतु ते एका सुट्टीच्या दिवसात आटोपत असे. जुन्या धाटणीचे हीटर प्लग एकाच मालिकेत जोडलेले असत. एक जळाला की सगळे थंड. दोषी प्लग शोधण्यास साधा चाचणी-दिवा पुरे. यांपैकी एकाही कामाला पंप उघडावा लागत नसे.

दोषनिदानाची एक रीत तर विशेष उद्बोधक आहे. एंजिन मंद चालू ठेवून नोजलकडे जाणाऱ्या एकेका नळीचा नट किंचित सैल करावयाचा. त्या सिलिंडराचे इंधन तुटते; एंजिन अडखळले तर सिलिंडर ठीक, आवाजात फरक पडला नाही तर दोष तेथेच. उपकरण म्हणजे एक पाना आणि एक कान. नोजलच्या तोंडासमोर हात धरू नये, ही सूचना तेव्हाही दिली जाई. परंतु पूर्वज्वलनकक्षाच्या एंजिनात नोजल सुमारे १२० बार दाबाला उघडत असल्याने सैल नटातून केवळ थेंब झिरपत. दोष सापडल्यावर नोजल काढून तपासणीसाठी दुकानात न्यावयाचे, आणि पंपही तसाच अखंड न्यावयाचा. रोग मालकाने ओळखावा, शस्त्रक्रिया मात्र दुसऱ्याने करावी, अशी ही वाटणी होती.

अर्थात गृहदेखभाल सर्वसमर्थ होती असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. १९७८ पासून अमेरिकेत विकल्या गेलेल्या ओल्ड्समोबिलच्या ५.७ लिटर डीझेल एंजिनाचे हेडबोल्ट अपुरे पडत आणि इंधनातील पाणी वेगळे करणारा भाग त्यात दिलेलाच नव्हता. मालकाने कितीही निगुतीने ऑईल बदलले तरी आराखड्यातील हे उणेपण भरून निघणारे नव्हते. १९८५ नंतर हे एंजिन बंद झाले. अमेरिकन ग्राहकाच्या मनात डीझेलविषयी राहिलेली अढी मात्र टिकली.

१९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ या मोटारीत कॉमन रेल पद्धती प्रथम आली. आता १,३५० बारपर्यंतचा दाब एका सामाईक नळीत कायम साठलेला असे आणि नोजल केव्हा उघडावे हे संगणक ठरवू लागला. अशा एंजिनाचा नट चालू स्थितीत सैल केला तर बाहेर येणारी धार कातडी भेदून शरीरात शिरते. कालपर्यंतची सर्वसामान्य तपासणी आज प्राणघातक ठरली, एवढा हा पालट मूलगामी आहे. दुरुस्तीची सीमा मात्र फारशी हलली नाही, कारण पंप व नोजल पूर्वीही मालकाचे नव्हतेच. हातचे गेले ते निदान. ऑईल आणि फिल्टर तो आजही बदलतो. परंतु कोणते सिलिंडर आजारी आहे हे आता त्याला स्कॅनर सांगतो. ढोबळ विधानात निसटतो तो हाच भेद.

महाराष्ट्रात या स्थित्यंतराच्या दोन्ही बाजू एकाच जिल्ह्यात दिसतात. डिसेंबर १९९८ मध्ये पुण्यात तयार झालेली टाटा इंडिका यांत्रिक पंपाच्या १.४ लिटर डीझेल एंजिनासह आली; दहा वर्षांनी, २००८ च्या इंडिका व्हिस्टामध्ये फियाटच्या आराखड्याचे कॉमन रेल एंजिनही मिळू लागले, आणि ते रांजणगावी बनत होते. येथे ‘स्वतः’ या शब्दाचा अर्थ मात्र निराळा घ्यावा लागतो. भारतातील मालक स्वतः पाना क्वचितच उचलतो. त्याच्या वतीने ते काम ड्रायव्हर करतो किंवा नाक्यावरचा मिस्त्री. पंपाची हवा काढणे, एकेक नट सैल करून आवाज ऐकणे, ही विद्या त्यांच्याकडे होती. त्यामुळे निदान हातचे गेल्याचा फटका येथे आधी मिस्त्रीला बसला. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने सुटे भाग व निदानसाधने स्वतंत्र दुरुस्तीकारांना खुली न ठेवल्याबद्दल १४ मोटार-उत्पादकांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि प्रकरण पुढे अपिलात गेले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील मतदारांनी २०१२ मध्ये संमत केलेल्या दुरुस्तीहक्काच्या कायद्यात मोटारमालक आणि स्वतंत्र दुरुस्तीकार या दोघांचाही उल्लेख आहे. भारतीय आदेशाचा भर प्रामुख्याने दुरुस्तीकारावर होता.